वास : निरंक

१९ फेब्रुवारी १९८३

रविंद्र साहेब, माफी असावी. ही नोंदवही तुम्ही एक तारखेला हातात दिली आणि म्हणालात, चंपतराव, आजपासूनच सुरू करा. आज एकोणीस तारीख. उशीर झाला. आधी पेन सापडत नव्हता. तो सापडला तर गेलेल्या दिवसांचं काय लिहायचं ही काळजी लागली, आणि त्या काळजीत आणखी दिवस गेले. आज बसून मागचं सगळं एकदम भरलं. पातळी रोज थोडी थोडी बदलून लिहिली, म्हणजे खरी वाटेल.

हे शेवटचं वाक्य साहेबांनी वाचू नये. म्हणून असं ठरवलं की पुढची पानं साहेबांची आणि मागची माझी. वही उलटी धरून मागून लिहीत येईन. साहेब लोक मागचं पान उघडत नाहीत. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कालव्याची मोजपट्टी वाचली, पातळी लिहिली, एकाही साहेबानं मागचं पान उघडलं नाही.

या वहीत चार रकाने आहेत. लेआऊटकडून पाणी किती आलं, वस्तीकडून किती आलं, रंग, वास. लिहिण्यासारखं काही नसलं तर 'निरंक' लिहायचं. मी चौथीपर्यंत शिकलो. हा शब्द शाळेनं नाही, खात्यानं शिकवला. एवढ्याशा शब्दानं माणसाच्या किती शिव्या वाचतात.

आज लेआऊटकडून एक वीत, वस्तीकडून दोन वीत. रंग गढूळ. वास थोडा होता. लिहिलं : निरंक.

२३ फेब्रुवारी

योजनेचं थोडं लिहून ठेवतो, नाही तर मीच विसरेन.

आमच्या मधुबन लेआऊटला, म्हणजे आमच्या प्लॉटच्या कॉलनीला, गटार नाही. मधला प्लॉट बागेसाठी सोडलेला, त्यात अकरा वर्षं सगळ्यांच्या मोऱ्यांचं पाणी साचायचं. डुकरं लोळायची. मागच्या वस्तीची नालीसुद्धा उतारानं तिथेच यायची. मग कॉलेजातले रविंद्र साहेब आले. म्हणाले, घाण पाणी दूर नेऊ नका, इथल्या इथे साफ करा आणि त्यावर बाग फुलवा. पहिल्या हौदात गाळ बसतो. मग गिट्टीचा लांब वाफा, त्यात कर्दळ आणि पाणकणीस लावलेलं. त्यांच्या मुळ्या घाण खातात. शेवटच्या हौदातून पाणी निघतं ते बागेला. मुळ्या घाण खातात हे मला पटलं नाही, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

मी तेव्हा साहेबांना एवढंच म्हटलं की वस्तीचं पाणी घेतलं नाही तर चालणार नाही का. साहेब म्हणाले, "चंपतराव, तुमचा नळ अर्धा तास येतो. वस्तीच्या विहिरीला बारा महिने पाणी असतं. त्यांचं पाणी नसेल तर उन्हाळ्यात वाफा वाळेल आणि झाडं मरतील." बरं म्हटलं.

बांधकाम रुपरावचं. रुपराव मिस्त्री वस्तीत राहतो. कालव्यावर मी पट्टी वाचायचो आणि तो फुटलेला काठ बांधायचा. छप्पन साली तो बौद्ध झाला तेव्हा मला धास्ती पडली की आता हा आपल्याशी बोलेल की नाही. दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "तंबाखू काढ." आमच्या घरी त्याच्यासाठी एक वेगळा कप आहे, निळ्या काठाचा. त्याला तो फार आवडत असावा. इतक्या वर्षांत त्यानं कधी दुसरा मागितला नाही.

उरलेल्या विटांतून त्यानं वाफ्याच्या कडेला एक ओटा बांधला आहे. दोन माणसं बसतील आणि मध्ये पानाचा डबा राहील, बरोबर तेवढा. "तिसरा आला तं?" मी विचारलं. म्हणाला, "तिसऱ्याले उभं ठेवू."

२ मार्च

लेआऊटच्या सोसायटीचे अध्यक्ष मधुकरराव सकाळी आले. तेरा तारखेला उद्घाटन आहे आणि शेवटच्या हौदातून जिथे पाणी पडतं तिथे उघडा पाइप दिसतो. "पाहुण्यांच्या नजरेला बरं दिसलं पाहिजे," म्हणाले. मला रात्रभर, म्हणजे दुपारभर, चैन पडलं नाही. मग सुचलं की पाइपाला गोमुख करावं. तीर्थाच्या ठिकाणी असतं तसं.

रुपराव ऐकून माझ्याकडे पाहतच राहिला. "गोमुख? मोरीच्या पाण्याले?"

"मोरीचं कुठं राह्यलं आता? साफ झालं ना."

"तुले गाय पायजे का बैल?"

"गाय पाहिजे गा! थट्टा काहून करून राहिला?"

"थट्टा तू करून राहिला," तो म्हणाला. पण सिमेंट कालवलं. तीन दिवस लागतील म्हणाला. त्याचं हे असं आहे. पटो न पटो, काम कच्चं करणार नाही.

६ मार्च

गोमुख झालं. कान चांगले जमले. पण नाकाखालचा भाग आणि गाल पाहून मला घाम फुटला. हुबेहूब मधुकरराव.

"मुद्दाम केलं का रे?"

"नाई गा. गाय कराले बसलो, आपोआप तसं होऊन गेलं."

मधुकररावांनी पाहिलं. म्हणाले, "छान. चेहऱ्यावर कसं तेज आहे."

१३ मार्च

उद्घाटन पार पडलं. 

पाटीवर साहेबांनी 'सांडपाणी शुद्धीकरण व उद्यान' असं सुचवलं होतं. मधुकरराव म्हणाले, शुभकार्याच्या पाटीवर 'सांडपाणी' शोभत नाही. मग 'शुद्धीकरण' राहिलं. ते वाचून वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणाची शुद्धी करून राहिले?" तेव्हा तेही काढलं. आता नुसतं 'मधुबन जलविहार' आहे. पाटी सुंदर दिसते, पण त्यावरून काहीही कळत नाही.

पाहुण्यांनी फीत कापली, गोमुखाखाली हात धरला आणि विचारलं, "हे पाणी येतं कुठून?"

मधुकरराव म्हणाले, "वरून."

सगळ्यांनी आकाशाकडे पाहिलं. पाहुण्यांनीही.

रुपराव मागे लिंबाखाली उभा होता. सत्कार झाले त्यांत त्याचं नाव राहून गेलं. मला आठवण करून द्यायची होती, पण माईक चालू होता. संध्याकाळी ओट्यावर भेटला. पानाला चुना जास्त लागला एवढंच म्हणाला.

६ एप्रिल

शेजारच्या बायजाबाईनं गोमुखाला हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, "बायजाबाई, ते सिमेंटचं आहे."

"सगळे देव कायचे तरी असतेच ना वो भाऊ," ती म्हणाली.

बरोबर आहे.  

२१ एप्रिल

ऊन पेटलं आहे. नळ पंधरा मिनिटं येतो आणि त्यातली पाच नुसता फुसफुसतो. बाहेरची झाडं करपली. पण आमच्या बागेत कर्दळ लाल-पिवळी फुललेली, लॉन हिरवीगार आणि गोमुखाची धार अंगठ्याएवढी जाड, अखंड. संध्याकाळी लेआऊटचे लोक येतात, वस्तीच्या बाया येतात, वाफ्याच्या थंडाव्याला बसतात. अकरा वर्षांत एकमेकींची तोंडं न पाहिलेल्या बाया लोणच्यावर भांडताना ऐकल्या. बरं वाटलं.

पण लोक म्हणू लागले की सगळीकडे पाणी आटलं आणि इथेच वाहतं, म्हणजे काही तरी आहे. काही तरी आहेच. वस्तीची विहीर आहे. पण ते कोणी म्हणत नाही.

आज घरी आलो तर आमची जिजाबाई तांब्यातलं पाणी गुडघ्याला चोळत बसलेली.

"हे कुठलं?"

"गोमुखाचं. बायजानं सांगतलं, सात दिवस चोळ."

"अवं, ते आपल्याच मोरीचं आहे! काल तू भांडी घासली ते!"

"मंग मायंच हाय ना," ती म्हणाली. "परक्याचं तं नाई."

गुडघा खरोखर कमी दुखतो म्हणते. साहेबांसाठी लिहिलं : रंग स्वच्छ. वास : निरंक. आज खरंच निरंक होता.

२८ एप्रिल

रविंद्र साहेब पाहायला आले. गोमुखासमोर रांग आणि हातात तांबे पाहून त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "चंपतराव, हे पाणी झाडांसाठी उत्तम आहे. पिण्यासाठी मुळीच नाही. लोक आजारी पडतील. आजच पाटी लावा." आणि ते दोन महिने पुण्याला प्रशिक्षणाला चालले. मी म्हटलं, साहेब, तुम्हीच लोकांना दोन शब्द सांगून जा. त्यांनी घड्याळ पाहिलं. गाडी होती.

घरी पत्र्याचा तुकडा होता. अक्षर चांगलं काढता येतं मला. मोठ्या अक्षरांत रंगवलं : हे पाणी पिऊ नये. वाळायला ठेवलं आहे.

३० एप्रिल

अनर्थ झाला. काल पाटी लावली आणि आज रांग दुप्पट.

रुपराव मला हाताला धरून पाटीसमोर घेऊन गेला. "वाच."

मी वाचलं. बरोबर होतं.

"असं नाई. लिवलं तसं वाच."

पत्रा अरुंद होता. 'पिऊ' लिहून झालं आणि जागा पुरेल की नाही या भीतीनं 'न' मी 'ऊ'ला चिकटवला. मग जागा उरली म्हणून 'ये' लांब काढला. पाटीवर लिहिलं होतं : हे पाणी पिऊन ये.

"देवळात जाऊन राहिले लोक," रुपराव म्हणाला, "पण पयले पेऊन. तुया हुकूम हाय ना." आणि ओट्यावर बसून पोट धरून हसला. हसता हसता त्याला खोकला आला. मला रडू येत होतं.

पाटी काढायला गेलो तर तिला हार घातलेला. बायजाबाई ओरडली, "भाऊ, पाटीले हात नका लावू! देवस्थानची हाय!"

९ मे

हार वाढले. शेजारच्या लेआऊटमधून लोक येतात. आज एक बाई बाटली घेऊन थेट मौद्याहून आली.

बायजाबाईच्या नातवाला तीन दिवस जुलाब. ती म्हणते आंब्यानं. मी विचारलं, पोरानं आंबा किती खाल्ला? "अजून आणलाच नाई," म्हणाली.

रुपराव आता हसत नाही. संध्याकाळी म्हणाला, "चंपत, आता बोला लागते. पोट्टं आजारी पडलं."

"तू बोल ना. तू बांधलंस."

"मी बोललो तं म्हणतीन, वस्तीवाल्याले आमचा देव पायवत नाई. तू लेआऊटचा हायेस. वही तुयापाशी हाय. रोजचं लिवलेलं हाय त्यात. उघडून वाचून दे, बस."

मी म्हटलं, पंधराला सभा आहे, तेव्हा पाहू.

"पाहू नको," तो म्हणाला. "बोल."

रात्री जेवलो नाही. खरं सांगावं तर लोक अंगावर येतील. न सांगावं तर पोरं आजारी पडतील. खात्यात असलं काही नव्हतं. तिथे पाणी पाणीच होतं.

१५ मे

सभा बागेतच झाली. विषय एकच, गोमुखावर छत बांधणे. मी वही काखेत घेऊन बसलो होतो. तीन वेळा उठायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा दुसरंच कोणी तरी उठलं.

शेवटी मागून आवाज आला. रुपराव सभासद नाही. तो ओट्याजवळ उभा होता.

"मधुकरराव, छत बांधा, काई हरकत नाई. पण लोकायले पेऊ नका देऊ. पाणी मोरीचं हाय. तुमच्या मोरीचं, आमच्या मोरीचं."

मी डोळे मिटले. वाटलं, आता गोंधळ. कोणी हललंसुद्धा नाही. बायजाबाई म्हणाली, "मंग? गंगेत काय कमी पडते?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला एकदम हायसं वाटलं. उगाच एवढे दिवस घाबरलो.

मग मधुकररावांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, पुन्हा घातला. "आमच्या म्हणजे कोणाच्या?"

"आमच्या म्हणजे आमच्या. वस्तीच्या. दोन वीत आमचं, एक वीत तुमचं. चंपतले विचारा, तो रोज लिवते."

बायजाबाईनं तांब्या जमिनीवर ठेवला. कोणी तरी खाकरून थुंकलं. एक जण नळाकडे धावला, चूळ भरायला. नळाला पाणी नव्हतं.

"चंपतराव," मधुकरराव म्हणाले, "हा म्हणतो ते खरं आहे का?"

सगळे माझ्याकडे वळले. रुपरावही.

मी म्हटलं, "वहीत बघून सांगतो."

आणि घरी गेलो. वही काखेतच होती, तरी गेलो. माठातलं पाणी प्यालो. जिजाबाईनं विचारलं, सभा संपली का? मी म्हटलं, वही विसरलो होतो. तिनं माझ्या काखेकडे पाहिलं.

परत गेलो तोवर ठराव झाला होता. मधुकररावांनी सांगितलं आणि मी वहीत चांगल्या अक्षरात लिहिला : 'शुद्धतेच्या कारणास्तव वस्तीकडील जोडणी बंद करण्यात यावी.' देखरेख म्हणून माझी सही लागत होती. केली. एकतीस वर्षं दाखवली तिथे सही केली आहे, हात आपोआप वळतो.

मोरीचं पाणी देवाला चालतं. मोरी कोणाची ते फक्त पाहतात. हे मी इथे लिहून ठेवतो, पण याचा अर्थ मला नीट लागत नाही.

रुपराव ओट्यावर नव्हता.

१७ मे

मधुकरराव म्हणाले, "तुमचा माणूस आहे, तुम्हीच सांगा त्याला. बांधलं त्यानं, तोच बंद करेल."

दुपारी वस्तीत गेलो. रुपराव दारात बसला होता. मी अडखळत सांगितलं.

"लेखी हाय?"

मी वही दाखवली. त्यानं सावकाश वाचलं. "सही तुयी हाय."

"हो."

"अक्षर चांगलं हाय," तो म्हणाला आणि थापी घेऊन उठला.

वस्तीची नाली बागेत येते तिथे भिंतीलगत एक चौकोनी चेंबर आहे, वर फरशीचं झाकण. तो त्यात उतरला. ऊन फार होतं म्हणून मी वरून छत्री धरली. "सिमेंट आणून देऊ?" विचारलं.

"नको. हाय मायापाशी."

घमेल्यात काय होतं ते मी पाहिलं नाही. कोणी आपल्याला पाहतं का, याकडे माझं लक्ष होतं. सात विटा लागल्या. अर्ध्या तासात काम झालं. त्यानं झाकण बसवलं, हात धुतले आणि ओट्याकडे न पाहता निघाला.

"चहा घे ना रुपराव. जिजानं ठेवला असेल."

"त्याच कपात?"

"हो, तुझाच कप," मी म्हटलं.

तो थोडा हसला. मला बरं वाटलं, म्हटलं राग नाही. मग म्हणाला, "मौद्याले जाऊन राहिलो, वच्छलाकडे." वच्छला त्याची पोरगी, तिकडे दिली आहे.

"परत कधी येशील?"

"कळवीन."

२४ मे

रुपरावचं काही कळलं नाही. एसटी स्टँडवर जाऊन मौद्याच्या एका कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "मौद्याचे किती तरी उतरते बावा, मी काय सगळ्यायले ओळखतो?"

बागेला तारेचं कुंपण घालताहेत. पावित्र्यासाठी. वस्तीच्या बाया आता पलीकडे उभ्या राहून कर्दळीकडे पाहतात.

साहेबांसाठी : लेआऊटकडून अर्धी वीत. वस्तीकडून निरंक.

२९ मे

गोमुख आटलं. सकाळी थेंब थेंब होतं, दुपारी तेही नाही. वाफ्यात पाणी गिट्टीच्या तळाशीच जिरून जातं, पुढे सरकत नाही. कर्दळीची पानं कडेनं पिवळी पडली. बायजाबाई म्हणते, देव रुसला, त्या दिवशी विटाळ झाला म्हणून. मधुकरराव म्हणतात, अभिषेक करू.

मी म्हटलं, "रविंद्र साहेब म्हणाले होते, वस्तीचं पाणी नसेल तर—"

"ते साहेब पुण्याला आहेत ना?"

"हो."

"मग?"

ओट्यावर एकटाच बसलो. पानाचा डबा मध्ये ठेवला. जागा फार झाली.

३ जून

अभिषेक झाला. भटजी म्हणाले, धार नसेल तर अभिषेक कशावर करू? म्हणून मागच्या बाजूनं टँकर लावला आणि शेवटच्या हौदात सोडला. मंत्र सुरू होताच गोमुखातून धो धो पाणी आलं. बायांच्या डोळ्यांत पाणी. मधुकररावांच्याही. टँकर स्वतः त्यांनी बोलावला होता, तरी आलं. तासाभरानं टँकर संपला, देवही थांबला.

जाताना मला म्हणाले, "वहीत लिहा, पातळी पूर्ववत."

लिहिलं.

घरी जिजाबाई म्हणाली, "तुमच्यापेक्षा ते मोजपट्टी बरी. बोलत नाई, पण खोटं तं दाखवत नाई."

"तू त्या पाण्यानं गुडघे चोळत होतीस ना? आता माहीत झालं, कोणाकोणाचं होतं ते!"

"मले पयल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "रुपराव भाऊजीनं बांधलं म्हणून तं चोळत होती."

८ जून

आज वस्तीकडून वास आला. भिंतीपलीकडे नालीचं पाणी तुंबलं आहे, पहिल्यासारखं डबकं. इकडे आमच्या पहिल्या हौदातही गाळ कुजतो आहे, पुढे ढकलायला पाणीच नाही. आभाळ रोज भरून येतं. आठ-दहा दिवसांत पाऊस लागेल, मग ते डबकं वस्तीच्या घरांत शिरेल. पहिलं घर रुपरावचं. कुलूप आहे, पण घर तर आहे.

जिजाबाई म्हणाली, "त्या खड्ड्यात पाहा तं खरं जाऊन, कसं बंद केलं ते." सकाळी कोणी नव्हतं. फरशी सरकवली आणि वाकून एका विटेला बोट लावलं. वीट हलली.

सिमेंट नाही. नुसत्या मातीत जोडल्या आहेत सातही विटा. नखानं माती निघते. म्हाताऱ्या माणसाची काठी लागली तरी पडतील. मला फार वाईट वाटलं. रुपरावनं आयुष्यात कच्चं काम केलं नाही, कालव्याचा त्याचा काठ अजून उभा आहे. वय झालं, हात थकला असेल. कोणी पाहिलं तर त्याचं नाव खराब होईल, म्हणून वीट पुन्हा होती तशी बसवली आणि वरून झाकण ठेवलं.

जिजाबाईला सांगितलं. म्हणाली, "कच्चं नाई केलं त्यायनं. तुमच्या हाताले झेपन असं केलं." आणि मोरीत गेली. निळ्या काठाचा कप तिनं फळीवरच्या कपांत मिसळून ठेवला आहे. काठांचे रंग सगळ्यांचेच आता धुऊन गेले आहेत. कोणता त्याचा, मला ओळखू येईना.

पुढून साहेबांची पानं आणि मागून माझी पानं, दोन्ही आज याच पानावर येऊन भेटली. वर आजची नोंद आहे. लेआऊटकडून निरंक. वस्तीकडून निरंक. वास : आहे. हा शब्द या रकान्यात पहिल्यांदाच लिहिला. अक्षर बिघडलं.

याच्या खाली लिहितो ते आंतरदेशीय पत्रावर उतरवून आजच पेटीत टाकणार आहे.

रुपराव, तू कळवीन म्हणाला होतास. बावीस दिवस झाले. वीट हलते, हे मला कळलं आहे. पण मी ढकलू का? ठरावावर सही माझी आहे, आणि विटा पडल्या तर सगळे मलाच विचारतील, आणि या वेळी वही काखेत नसेल. तू नुसतं हो म्हण, म्हणजे मी ढकलतो. पावसाच्या आधी कळव. तुझ्या घराचा प्रश्न आहे. ओट्यावर तिसरा कोणी येत नाही, दुसराही येत नाही. चहाला ये, वाटेल तो कप घे. लवकर कळव रे. लिहिण्यासारखं काही नसेल, तर पोस्टकार्डावर 'निरंक' एवढंच लिही. पण टाक.

तुझा चंपत